सिअ‍ॅटलच्या खिडकीवर कोणी न नेलेलं पत्र: एका पाकिटाचं वाचन

लिलावातून घेतलेलं पाकीट हातात आलं तेव्हा सोबत विक्रेत्याची टंकलिखित चिठ्ठी होती. मजकूर असा: कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सापडलेल्या सोन्यामागे गेलेल्या माणसाला लिहिलेलं पत्र, अलास्कापर्यंत जाऊन परत आलं, माणूस तिकडच्या वाटेवरच्या चिलकूट खिंडीतल्या हिमकड्याखाली गाडला गेला, पत्र वर्षानुवर्षं पोस्टात धूळ खात पडलं. चार ओळी, चार दावे. जुन्या कव्हरांच्या, म्हणजे टपालातून गेलेल्या पाकिटांच्या, बाजारात अशा चिठ्ठ्या फुकट मिळतात आणि त्यांची किंमत मात्र पाकिटाच्या किमतीत धरलेली असते.

पाकीट रिकामं आहे, आतलं पत्र नाही. त्यामुळे जे काही म्हणायचं ते बाहेरच्या खुणांवरूनच म्हणता येईल. या चारपैकी किती दावे त्या खुणांवर उभे राहतात, हे तपासायला मी दोन रविवार घालवले.

आधी पाकिटावर काय आहे ते सांगतो. समोर उजवीकडे वर दोन सेंटचं लालसर तिकीट, वॉशिंग्टनचं चित्र असलेलं. त्यावर फिलाडेल्फियाचा गोल शिक्का: मार्च 24, संध्याकाळचे 7, आणि वर्षाचे दोन आकडे. पहिला आकडा 9 स्पष्ट, दुसरा शाई फाकल्यामुळे 3 की 8 कळत नाही. पत्ता काळ्या शाईत, एकाच हाताने लिहिलेला: माणसाचं नाव, खाली ‘जनरल डिलिव्हरी’, त्याखाली ‘सिअ‍ॅटल, वॉश.’, म्हणजे वॉशिंग्टन राज्य. पाठवणाऱ्याचं नाव-गाव कुठेही नाही. पत्त्याच्या डावीकडे जांभळ्या शाईत ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड’ आणि खाली एप्रिल 11. त्याच्याजवळ काळा छोटा ठसा, ‘ड्यू 1 सेंट’. पत्त्यावरून तिरका गेलेला ‘अनक्लेम्ड’, शेजारी पेन्सिलीने मे 3. मागच्या बाजूला सिअ‍ॅटलचा गोल शिक्का, मार्च 30, सकाळचे 11; वर्षाचे आकडे उमटलेलेच नाहीत. आणि मागेच, डाव्या कडेला टेकलेला एक जांभळा त्रिकोण, त्यात डी. एल. ओ. ही अक्षरं आणि मे 11.

मागे खाली कोपऱ्यात पेन्सिलीने ‘1898 क्लोंडाइक’ असंही लिहिलंय. ते टपालखात्याचं नाही, कुणा व्यापाऱ्याचं आहे. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. त्याने दिलेलं वर्ष बरोबर निघालं तरी ते आपण वेगळ्या वाटेने काढायला हवं.

आधी वर्ष

93 की 98? इथे तिकीट कामाला आलं. 1890 साली अमेरिकन बँक नोट कंपनीने छापलेलं दोन सेंटचं तिकीट आणि 1894 पासून सरकारी छापखान्याने, म्हणजे ब्यूरो ऑफ एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंगने छापलेलं तिकीट लांबून अगदी सारखी दिसतात. चित्र तेच, चौकट जवळपास तीच. फरक वरच्या दोन कोपऱ्यांत आहे: ब्यूरोने आपली छपाई ओळखू यावी म्हणून तिथे छोटे त्रिकोण घातले. भिंगाखाली धरल्यावर डाव्या कोपऱ्यातला त्रिकोण स्वच्छ दिसला. उजवा शिक्क्याच्या शाईखाली गेलाय, पण एक पुरे. हे तिकीट 1893 च्या मार्चमध्ये अस्तित्वातच नव्हतं. म्हणजे आकडा 8, वर्ष 1898.

1895 पासून या तिकिटांच्या कागदात जलचिन्ह आलं, ते बघितलं की आणखी खात्री होईल, असं एका स्नेह्याने सुचवलं. पण त्यासाठी तिकीट पाण्यात भिजवून सोडवावं लागेल, आणि मग शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर असा जो एकसंध उमटलाय तो तुटेल. तो एकसंध शिक्काच तर सांगतोय की हे तिकीट याच पाकिटावर चिकटलेलं असताना रद्द झालं. एका प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालेलं असताना दुसरा पुरावा का मोडायचा?

दर जुळतो. देशांतर्गत पत्राला औंसापर्यंत दोन सेंट, हा दर 1885 च्या जुलैपासून 1917 च्या नोव्हेंबरपर्यंत टिकला. पोस्टेज पुरेसं होतं. मग ‘ड्यू 1 सेंट’ कशासाठी? त्याकडे येतोच.

जनरल डिलिव्हरी म्हणजे नेमकं काय

युरोपात आणि आपल्याकडेही ज्याला पोस्ट रेस्तांत म्हणतात तेच अमेरिकेत जनरल डिलिव्हरी. पत्र गावच्या मुख्य पोस्टात येणार, खिडकीमागच्या खणांत आडनावाच्या अक्षराप्रमाणे राहणार, आणि माणसाने येऊन विचारायचं. एके काळी सगळ्यांची पत्रं अशीच मिळत. शहरांत घरपोच टपाल मोफत सुरू झालं ते 1 जुलै 1863 रोजी, तेही 49 शहरांत. त्यानंतर ही खिडकी उरली ती फिरस्त्यांसाठी: खलाशी, हंगामी मजूर, घर न मिळालेले, आणि 1898 च्या सिअ‍ॅटलमध्ये सोन्याच्या वाटेवरचे.

हा संदर्भ मात्र विक्रेत्याने ओढूनताणून आणलेला नाही. 17 जुलै 1897 ला पोर्टलंड नावाची आगबोट क्लोंडाइकचं सोनं घेऊन सिअ‍ॅटलच्या धक्क्याला लागली आणि गाव वेडं झालं. शहराचा महापौर डब्ल्यू. डी. वुड याने राजीनामा देऊन उत्तरेची वाट धरली, मग बाकीच्यांचं काय सांगावं. कॅनडाच्या हद्दीत शिरायचं तर वर्षभराचा शिधा आणि सामान सोबत हवं, असा तिथल्या माउंटेड पोलिसांचा नियम होता. त्याचं वजन साधारण एक टन भरे. ही खरेदी सिअ‍ॅटलमध्ये व्हायची. माणसं तिथे आठवडा, पंधरवडा थांबायची आणि घरच्यांना जाता जाता कळवायची: पत्र जनरल डिलिव्हरी, सिअ‍ॅटल असं घाला.

आपला माणूस त्यातलाच होता का? शक्य आहे. पण त्याच खिडकीवर लाकूडतोड्याचंही पत्र येई आणि नोकरी शोधत आलेल्या कारकुनाचंही. पाकिटावर क्लोंडाइक, अलास्का, युकॉन यांतलं एकही अक्षर टपालाच्या शिक्क्यात नाही.

माझी चूक

पहिल्या रविवारी मी पाकीट समोरूनच वाचत गेलो आणि ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड, एप्रिल 11’ हीच पोचण्याची तारीख धरली. फिलाडेल्फियाहून अठरा दिवस? देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आगगाडी आठवड्याच्या आत पोचवत असताना? मग वाटलं, वाटेत चुकून दुसरीकडे गेलं असेल. चुकलेल्या टपालाचा शिक्का शोधण्यात एक तास गेला. पाकीट उलटं केल्यावर मार्च 30 चा सिअ‍ॅटलचा शिक्का दिसला आणि मी कपाळावर हात मारला. सहा दिवस. अगदी रीतसर.

त्या काळी पत्र ज्या पोस्टात पोचे तिथे मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का मारायची पद्धत नियमाने होती. साध्या पत्रांसाठी ती 1913 मध्ये बंद झाली. म्हणून 1898 चं पाकीट हातात आलं की आधी पाठ बघायची. मला हे माहीत होतं. तरी समोरचा जांभळा शिक्का इतका देखणा उमटलाय की डोळा तिथेच अडकला.

मग एप्रिल 11 ही तारीख कसली? न नेलेल्या पत्रांची यादी पोस्टमास्तर जाहीर करत असे, स्थानिक वर्तमानपत्रात किंवा पोस्टाच्या भिंतीवर लावून. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. यादीखाली एक ओळ हमखास असे: पत्र मागायला याल तेव्हा ‘अ‍ॅडव्हर्टाइज्ड’ असं सांगा आणि यादीची तारीख सांगा. कारण जाहीर झालेली पत्रं नेहमीच्या खणांतून काढून बाजूला, तारखेप्रमाणे लावलेली असत. खिडकीवरच्या कारकुनाला नुसतं आडनाव सांगून भागत नसे. शिक्क्यातली तारीख ही त्या यादीची तारीख आहे. पत्र आलं कधी किंवा त्याची मुदत संपली कधी, हे ती सांगत नाही. कारकुनाला गठ्ठा सापडावा, एवढंच तिचं काम.

आणि जाहिरातीचा खर्च म्हणून पत्रामागे एक सेंट, तो नेणाऱ्याकडून घ्यायचा. ‘ड्यू 1 सेंट’ तो हा. 1879 पासून अशी वसुली दाखवायला वेगळी ड्यू, म्हणजे येणे रकमेची, तिकिटं निघाली होती, आणि जाहीर झालेलं पत्र ज्याने नेलं त्याच्या पाकिटावर एक सेंटचं ड्यू तिकीट सापडलं की संग्राहक खूश होतो. इथे ते नाही, ते चिकटून निघाल्याची डिंकाची खूणही नाही. पुढच्या शिक्क्यांशी हे सुसंगत आहे, पण निव्वळ यावरून मी काही सिद्ध करायला जाणार नाही.

यादीतलं नाव त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत शोधायचा मोह झाला. शोधलंही थोडं. पण यादी भिंतीवर लावायचीही मुभा असल्याने छापील पानावर नाव न सापडणं म्हणजे काहीच नाही.

‘अनक्लेम्ड’ काय म्हणतं आणि काय म्हणत नाही

विक्रेत्याची सगळी कथा या एका शब्दावर तरंगते आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पत्र न पोचण्याची कारणं टपालखात्याने वेगवेगळ्या शब्दांत वाटून ठेवली होती. माणूस पत्ता न ठेवता निघून गेल्याचं कळलं तर ‘रिमूव्ह्ड’. पत्ता शोधून माणूस मिळाला नाही तर ‘नॉट फाउंड’ किंवा ‘कॅननॉट बी फाउंड’. समोर धरल्यावर नको म्हणाला तर ‘रिफ्यूज्ड’. आणि मेल्याचं कळलं तर ‘डिसीज्ड’. यातला प्रत्येक शब्द पोस्टाला काहीतरी *कळल्यावर* वापरायचा आहे. ‘अनक्लेम्ड’चं तसं नाही. खिडकीवर येऊन हे पत्र कोणी मागितलं नाही, याच्या पलीकडे त्यात माहिती नाही. जनरल डिलिव्हरीचा कारकून कुणाच्या दारात जात नाही, शेजाऱ्याला विचारत नाही. त्याला कळणार तरी कुठून?

चिलकूटच्या वाटेवरचा हिमकडा कोसळला तो 3 एप्रिल 1898 ला, रविवारी, खिंडीखालच्या शीप कँप या तळाच्या वरच्या अंगाला. साठाहून अधिक माणसं गेली. पत्र सिअ‍ॅटलला पोचलं 30 मार्चला. म्हणजे मधे चार दिवस. हे दोन आकडे शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप तयार होते, आणि विक्रेत्याने तेच केलंय. तारखा त्याच्या विरोधात जात नाहीत, हे मान्य. पण माणूस पुढच्या गल्लीतल्या खानावळीत धडधाकट जेवत असता आणि पोस्टाकडे फिरकला नसता, तरी पाकिटावर हेच शिक्के, याच क्रमाने पडले असते. सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला असता तरीही. वैतागून घरी परतला असता आणि पत्र लिहिणाऱ्याच्या समोर बसला असता तरीही.

त्या दुर्घटनेतल्या मृतांच्या नावांच्या याद्या तेव्हा छापून आल्या होत्या. मला बघायला मिळालेल्या याद्यांत हे नाव नाही. तेवढ्यावरून तो वाचला असंही मी म्हणणार नाही. याद्या घाईत झालेल्या आहेत आणि त्यांतली नावं एकमेकींशीही जुळत नाहीत.

‘अलास्कापर्यंत जाऊन आलं’ हा दावा मात्र सरळ पडतो. माणसाने पुढचा पत्ता कळवून ठेवला असता तर पहिल्या वर्गाचं पत्र जादा पैसे न घेता पुढे पाठवलं जाई. तसं झालं असतं तर पत्त्यातलं ‘सिअ‍ॅटल’ खोडून नवं गाव लिहिलेलं दिसलं असतं आणि पाठीवर तिथल्या पोस्टाचा शिक्का असता. पत्ता अस्पर्श आहे. पाठीवर सिअ‍ॅटलनंतर थेट त्रिकोण आहे. एखादा शिक्का नसणं हा पुरावा कधी धरायचा, यावर आम्हा संग्राहकांत वाद होतात. माझं मत असं की जिथे तो मारण्याचा नियम होता तिथेच त्याच्या नसण्याला वजन आहे. इथे नियम होता. हेच पाकीट 1920 चं असतं तर मी गप्प बसलो असतो.

त्रिकोण आणि कापलेली कड

डी. एल. ओ. म्हणजे डेड लेटर ऑफिस, बेवारशी पत्रांचं कार्यालय, राजधानी वॉशिंग्टनमधलं. 1825 साली सुरू झालेलं हे खातं. दुसऱ्याचं बंद पत्र उघडण्याचा अधिकार टपालखात्यात फक्त इथल्या माणसांना होता. तिथल्या कर्मचाऱ्यांत बायका पुष्कळ, आणि त्यांतल्या पॅटी लायल कॉलिन्स यांची ख्याती तर अशी की कुणाला न लागणारा पत्ता त्यांच्यापुढे ठेवावा. पण त्यांच्याकडे जात ती वेगळी पत्रं: गिचमिड अक्षराची, गावाचं नाव चुकलेली, राज्यच न लिहिलेली. त्यांना टपालाच्या बोलीत ‘निक्सी’ म्हणत. आपल्या पाकिटावरचा पत्ता शाळकरी पोरालाही वाचता येईल. या पत्राला माणूस मिळाला नव्हता आणि परतीचा पत्ताही नव्हता. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असता आणि ‘इतक्या दिवसांत न नेल्यास परत करा’ अशी ओळ असती, तर ते सिअ‍ॅटलहूनच माघारी गेलं असतं. ही सोय 1860 च्या कायद्यापासून होती. मग समोर बोट दाखवणाऱ्या हाताचा तो प्रसिद्ध ठसा बसला असता आणि वॉशिंग्टनची वारी टळली असती.

आता ज्या गोष्टीसाठी हे पाकीट मी ठेवून घेतलं ती. ते डाव्या कडेने उघडलेलं आहे, कडेची जेमतेम मिलिमीटरभर पट्टी कापून. त्रिकोणाचं डावं टोक त्या पट्टीबरोबर गेलंय: दोन रेषा एकमेकींकडे येतात आणि भेटण्याआधीच कागद संपतो. भिंगाखाली शाई कापाच्या रेषेवर स्वच्छ तुटलेली दिसते, कापलेल्या कडेच्या जाडीवर ती ओघळलेली नाही. म्हणजे आधी शिक्का, मग कात्री. आणि मागचा फ्लॅप? तो आजही मूळच्या डिंकाने टोकापर्यंत चिकटलेला आहे. बाकीच्या कडा अखंड. पाकीट एकदाच, एकाच ठिकाणी उघडलं गेलं, आणि तेही मे 11 चा शिक्का पडल्यानंतर.

तेव्हा हे ठामपणे म्हणता येतं: ज्याच्या नावे पत्र होतं त्याने ते वाचलं नाही. सिअ‍ॅटलच्या पोस्टात कुणी चोरून उघडलंही नाही. ते पहिल्यांदा उघडलं ते डेड लेटर ऑफिसात पोचल्यावर. एका तुटलेल्या टोकाने इतकं सांगितलं, जे ‘अनक्लेम्ड’ या ठसठशीत शब्दाला सांगता आलं नाही.

पुढचं अनुमान आहे, पण बऱ्यापैकी घट्ट. उघडल्यावर आत ना मौल्यवान वस्तू, ना पाठवणाऱ्याचा पत्ता, असं असेल तर पत्र नष्ट केलं जाई. पत्ता सापडला तर सरकारी पाकिटात घालून लिहिणाऱ्याकडे परत. आपलं पाकीट नष्ट झालेलं नाही, समोर आहे. म्हणजे आत फिलाडेल्फियाचा पत्ता असावा आणि पत्र जिथून निघालं तिथे परत गेलं असावं. ते ज्या सरकारी पाकिटातून गेलं ते मिळालं असतं तर हा ‘असावा’ काढून टाकता आला असता. लोक नेमकं तेच फेकून देतात.

राहिलं ‘वर्षानुवर्षं धूळ’. मार्च 24 ला टाकलं, 30 ला सिअ‍ॅटल, बाराव्या दिवशी यादीत, त्यानंतर बावीस दिवस वाट, मे 3 ला रवाना, मे 11 ला वॉशिंग्टन. सगळे मिळून 48 दिवस. त्यांतले 34 सिअ‍ॅटलच्या पोस्टात. धूळ बसायलाही जरा जास्त वेळ लागतो.

विक्रेत्याला हे सगळं कळवलं. त्याने सभ्यपणे उत्तर दिलं की चिठ्ठी त्याने लिहिलेली नाही, त्याच्याकडेही ती पाकिटासोबतच आली होती. त्यामुळे ती मी फेकली नाही. अल्बममध्ये पाकिटामागेच ठेवली आहे. पुढच्या बाजूला माझी नोंद: जनरल डिलिव्हरी, सिअ‍ॅटल, 1898, जाहीर, न नेलेलं, डेड लेटर ऑफिसात उघडलेलं. क्लोंडाइकचं नाव त्यात घातलेलं नाही.

जलचिन्हवाल्या स्नेह्याने परवा नवी कल्पना काढली. फ्लॅप वाफेवर धरून हलकेच सोडवला तर आतल्या बाजूला पाकीट बनवणाऱ्याचं किंवा दुकानाचं छापील नाव सापडू शकतं, तेवढाच फिलाडेल्फियाचा धागा. सापडेलही. मी किटली विस्तवावरून उतरवली आणि पाकीट परत कपाटात ठेवलं.